पायाळूची कंबर

जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. म्हणजे मी पायाळू. पायाळू माणसानं पाय लावला की कंबरेत भरलेली उसण जाते, हे आमच्या कोल्हापुरात दवाखाना बंद केल्यावर डॉक्टरसुद्धा मानतात. गल्लीतल्या निम्म्या कंबरांना मी लहानपणापासून लाथा घातल्यात. मोठमोठी माणसं दारात येऊन पालथी पडायची, म्हणायची, "घाल बाई, लाजू नको." लाज कसली! मला लई मजा यायची.

पुढं मी वेटलिफ्टिंगला लागले, आणि राज्याच्या निवड चाचणीला आठ दिवस असताना वजन उचलता उचलता माझ्याच कंबरेत उसण भरली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आमच्या वजनगटातून एकच मुलगी जाणार होती आणि मला जायचंच होतं. त्यासाठी दोन वर्षं मर मर राबले होते. सरांना सांगितलं तर ते यादीतून नावच काढून टाकणार. मग काय, तोंड दाबून बुक्क्यांचा मार! पण चपला घालायला मी भिंत धरते, हे आईनं बघितलंच.

"हातकणंगल्यात एक पायाळू पोरगी हाय म्हणं, चल," आई म्हणाली. स्वतःची लाथ स्वतःच्या कंबरेत बसत नाही, हे मी करून बघितलं होतं. म्हणून गेले.

दार उघडलं ते माझ्याच वजनगटातल्या मुलीनं. गेल्या वर्षी हिनंच मला हरवलं होतं. देवा, उचल आता! मी चिमटा काढेपर्यंत आईनं सगळा पाढा वाचून टाकला होता.

ती हसली नाही. "पड पालथी," म्हणाली. आता ही माझा मणकाच मोडते, म्हणून मी डोळे मिटले. पण पाय लावायच्या आधी तिनं नेमक्या दुखऱ्या जागी अंगठा टेकवला.

"हितंच न्हवं? वाकलं की कळ निघती?"

"व्हय. तुला कसं ठाऊक गं?"

तिनं पाठ फिरवून टी-शर्ट वर केला. कंबरभर औषधी पट्ट्या चिकटवलेल्या.

"तू बी पायाळू हाईस म्हणं," ती म्हणाली. "मग ऊठ की. आता मला घाल."

आळीपाळीनं सात-सात लाथा घातल्या. आई मोजत होती. काडीचा फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी एकाच स्कूटरवरून फिजिओथेरपिस्टकडं गेलो. प्रत्येक स्पीडब्रेकरला एका सुरात शिव्या दिल्या. बाईंनी तपासून सांगितलं, कंबरेचे स्नायू दमून आखडलेत, महिनाभर वजनाला हात लावायचा नाही. बाहेर आलो आणि आपापल्या सरांना आधी फोन कुणी करायचा, यावरून भांडण जुंपलं. जी गप्प बसेल ती चाचणीला जाणार, हे दोघींनाही कळत होतं. "तू लाव." "तू लाव की!" शेवटी एकदमच लावले.

रविवारी बाकावर बसून आम्ही चाचणी बघितली. तिसरीच मुलगी निवडली गेली, आणि तीसुद्धा आम्ही रोज सरावाला उचलतो तेवढ्या वजनावर. मला जोरात हुंदका आला, तशी कंबरेत कळ उठली.

"हळू रड," शेजारची म्हणाली. "मी बी तशीच रडाय लागलीया."