वरून दिसणारं घर

गावात ड्रोन येणार म्हटल्यावर बायकांनी सगळ्यात आधी पाण्याच्या हंड्या-गुंडांवर झाकण्या घातल्या. कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडायची ती वर्षं. फवारता फवारता माणसं दवाखान्यात जाऊन पडली होती, त्यामुळे आभाळातून काही येतंय म्हणजे औषधच शिंपडणार असा सगळ्यांचा पक्का समज. खरं तर गावठाणातल्या घरांचा नकाशा करायचा होता. शेताला सातबारा होता, पण घराखालच्या जागेला म्हणावा असा कागद आमच्याकडे कुणाकडेच नव्हता. तो आता मिळणार होता.

मी दारव्ह्याला शाळेत विज्ञान शिकवायची, तिथंच खोली करून राहायची आणि शनिवारी घरी यायची. ग्रामसभेत दादानंच मला उभं केलं. "माही बहीण सांगन तुमाले. सायन्सची मास्तरीन हाय." मला तेवढं पुरे होतं. समोर माणसं बसलेली दिसली की माझी जीभ आवरत नाही.

मी सांगितलं, ते फवारत नाही, नुसतं बघतं. त्याच्या पोटाशी कॅमेरा असतो, आणि कॅमेऱ्यात नखाएवढी एक चकती. अंगणात ओळीनं वाट्या मांडल्या आणि पाऊस आला तर कुठल्या वाटीत किती पडलं ते मोजता येतं ना, तशा त्या चकतीवर लाखो बारीक वाट्या असतात आणि त्यांच्यात उजेड पडतो. कुठल्या वाटीत किती उजेड, याचा आकडा मशीन लिहून ठेवतं आणि आकड्यांचं चित्र होतं. असल्याच चकत्या दुर्बिणीत बसवून माणसं ताऱ्यांचा उजेड मोजतात. तिला तुमची जात कळत नाही, पुढारी कळत नाही. पांढरं ते पांढरं, काळं ते काळं.

मागून एका म्हातारीनं विचारलं, "आन न्हाणीतलं दिसते का वं?" आमच्याकडच्या न्हाण्यांना छप्पर नसतं. मी म्हटलं, "त्या दिवशी आंघोळी लवकर उरकून घ्या." सगळी सभा हसली.

मग दादानं विचारलं, "बाई, छपराखालचं दिसते का तिले?"

"नाई दिसत. सगळ्यात वर जे असन तेच दिसते. टिन असन तं टिन."

माझ्या वर्गातल्या एखाद्या पोरानं असा प्रश्न विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. दादाचंही मी चारचौघांत कौतुक केलं.

आता माझ्या खोलीबद्दल सांगायला हवं. बाबांनी जाण्याआधी घरामागची जागा आम्हा दोघांना बोटानं दाखवून सांगितलं होतं, ही बाईची, म्हणजे माझी. तिथं मी माझ्या पगारातून खोली उठवली. बुद्धवंदना घेतली, गावाला खीर वाटली. घर आणि खोली यांच्यामध्ये दोन पावलांची बोळ होती आणि खोलीचं दार वेगळं होतं. मी लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर तिथं येऊन राहायचं, एवढाच माझा बेत होता, आणि जगात माझं म्हणावं असं ते एकच होतं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता म्हणून दादानं कापूस विकला नाही, माझ्या खोलीत आढ्यापर्यंत भरला. "दोन मह्यन्याचा तं सवाल हाय," म्हणाला. माझी पुस्तकं वहिनीच्या फळीवर गेली. मी शनिवारची ओसरीवर झोपू लागले. कापसानं अंग खाजतं, पण तक्रार करायचं माझ्या मनातही आलं नाही.

सभेनंतरच्या शनिवारी घरी आले तर दादा बोळीवर टिनं घालत होता. कापूस भिजू नये म्हणून, असं त्यानं सांगितलं. टिनाचं दुसरं टोक मीच धरलं. इतकी शिकलेली मी, आणि मला काही म्हणता काही दिसलं नाही.

ड्रोनच्या दिवशी मी रजा घेतली. प्रत्येकानं आपल्या घराभोवती चुन्याची फक्की टाकायची, म्हणजे हद्द वरून दिसते. दादा म्हणाला, "तू लोकायच्या घरी जाय, तुहंच ऐकतेत. आपलं मी पाह्यतो." मी सकाळपासून दारोदार फिरत होते. रेघ सरळ मारा, तिच्यावर पाय देऊ नका, कोंबड्या आवरा. दोन भावजयांचं भांडण मिटवून त्यांच्यामधली रेघ मी स्वतः ओढली.

घरी आले तेव्हा ड्रोन आमच्या गल्लीवर आलं होतं. फक्कीची एकच रेघ होती. ती घराच्या पुढून निघून माझ्या खोलीच्या मागून वळली होती, आणि बोळीत काहीच नव्हतं.

"दादा, माही खोली?"

तो वर बघत म्हणाला, "अवं, सध्या एकच रेघ मारा म्हणे ते साहेब. मंग कागदावर येगळं करू. मी काय कुठं पयून राह्यलो का?"

पायानं थोडी फक्की पुसायला, मुठीनं दुसरी टाकायला कितीसा वेळ लागला असता? पण सकाळपासून मीच गावाला सांगत होते, रेघेला हात लावू नका. आणि समोर दादा होता. मला सायकलच्या दांडीवर बसवून तालुक्याच्या शाळेत नेणारा दादा. मी रेघेशेजारी उभी राहिले आणि ड्रोन डोक्यावरून निघून गेलं.

काही महिन्यांनी पंचायतीच्या ऑफिसात चौकशी लागली. घराघराला बोलावून नकाशा दाखवत होते. आमच्या जागेवर एकच नाव होतं, दादाचं. कागदावर वेगळं करायचं तो केव्हाच विसरला होता. विसरला म्हणते, ही अजूनही माझी सवय. त्यानं ते कधी करायचंच नव्हतं. मी हरकत घेतली. चौकशीच्या साहेबांनी पुरावा विचारला. बाबांच्या बोटाचा पुरावा कुठून आणायचा? सिमेंटची पावतीही दादाच्या नावावर होती. मी वहिनीकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

तेव्हा दादा पुढं सरकला. "साहेब, तो फोटो जरा मोठा करा." साहेबांनी लॅपटॉपवर आमचं घर मोठं केलं. एकसंध टिन, त्याभोवती पांढरी रेघ, आणि रेघेच्या शेजारी एक माणूस. वरून नाकडोळे काही कळत नव्हते. काळं डोकं, आंबा रंगाची साडी, बाजूला आखूड सावली.

"रेघ मारली तवा हे तेथीसाच उभी होती," दादा म्हणाला. "मंग तवाच काहून नाई बोल्ली?"

हाच प्रश्न विचारता यावा म्हणून त्यानं मला तिथं उभं राहू दिलं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. साहेबांनी चित्र माझ्याकडे वळवलं. "मॅडम, या तुम्हीच का?"

वहिनी आहे म्हणता आलं असतं. कुणीही बाई आहे म्हणता आलं असतं. त्या ठिपक्यांवरून सिद्ध करणं जगातल्या कुठल्याच साहेबाला जमलं नसतं, आणि हे त्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं.

"हो," मी म्हटलं, "मीच."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद माझ्यापुढं सरकवला.