बोनकोड्याच्या बेंजोवरचा जर्मन बँड

अन्याय झाला तो आमच्या बोनकोडे गावच्या बेंजो पार्टीवर. कधी? गेल्या गणपतीत, पाचव्या दिवशी, संध्याकाळची आरती आटोपल्या आटोपल्या, वाशीतल्या एका मंडळाच्या स्पर्धेत. पार्टीचा बेंजोवाला माझा सख्खा काका. अर्धी चीज वाजवून झाली नि परीक्षकांनी घंटा मारली. "ही परदेशी रेकॉर्डची नक्कल आहे. खाली उतरा." मागून कोणीतरी ओरडलं, "हळदीला वाजवा जाऊन!" लोक हसले. वाशीकर, मी पत्रकं लिहून वाटणारा माणूस, गोड लिहायला शिकलो नाही.

ती चीज आमच्याकडे आली ती कारखान्यातून. ठाणे-बेलापूर रस्त्यावर काका फिटर आहे. तिथे मशीन बसवायला एक जर्मन आला होता. काकाच्या डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नि दोस्ती झाली. जाताना त्यानं कॅसेट दिली, त्याच्याच जुन्या बँडची. त्यात तो सॅक्सोफोन वाजवायचा.

बँडची कहाणी त्यानं मोडक्या इंग्रजीत मला सांगितली, मी काकाला. कॉलेजची पोरं, खाटकाच्या दुकानाखालच्या तळघरात कोट-टाय घालून जाझ वाजवायची. सत्तर सालानंतर कोट गेले, इलेक्ट्रिक गिटार आली, पाय थिरकवणारं फंक आलं. माणसं नि वाद्यं एकाच व्हॅनमध्ये कोंबून गावोगाव कार्यक्रम. रेकॉर्डी निघाल्या. मग रेकॉर्ड कंपनी म्हणाली, लांबलचक वाजवणं पुरे, छोटी डिस्को गाणी करा. निम्मे तयार, निम्मे नाहीत. बँड फुटला. ह्यानं सॅक्सोफोन पेटीत टाकला नि पाना हातात घेतला.

काका म्हणाला, "म्हंजे आपल्या भजनी मंडळासारखंच हाय की! तेपन असंच फुटलं!"

मग काकानं कॅसेटमधला सॅक्सोफोनचा लांब तुकडा बेंजोवर बसवला. टेप पुढे-मागे करत, एकेक सूर. मधे एक सूर विचित्र घसरायचा, तोही तसाच. ढोलकीवाल्यानं जरा वेगळं काही केलं की काका डाफरायचा, "त्यानी वाजवलंय तसंच! आपलं डोकं चालवायचं नाय!" हीच चीज हळदीला वाजली, बाया बेभान नाचल्या, नि हीच घेऊन आम्ही वाशीला गेलो. पुढचं सांगितलंच.

दिवाळीनंतर जर्मन मशीन तपासायला परत आला. आम्ही त्याला अंगणात बसवून ती चीज ऐकवली. तो हसला. म्हणाला, हे मी बसवलंच नव्हतं. त्या वेळी सुचलं ते वाजवलं. दुसऱ्या दिवशी मलाही वाजवता आलं नसतं. आणि तो घसरलेला सूर? बोट निसटलं होतं.

मी सांगितल्यावर काकाचा चेहरा पडला. "म्हंजे आमी त्याची चूकपन पाठ केली?"

ढोलकीवाला उसळला, "मग दादूस, मना इतक्या शिव्या कशाला दिल्यास?"

जर्मन म्हणाला, आता तुझं वाजव. काकानं बेंजो पुढे ओढला. सुरुवात जर्मनाचीच केली, मधेच होळीच्या गाण्याकडे वळला, अडखळला, पुन्हा वळला. मग सुटलाच. जर्मनानं उलट्या घमेल्यावर ठेका धरला. त्या संध्याकाळपासून पार्टी ती चीज रोज निराळी वाजवते आणि ढोलकीवाला शिव्या खात नाही.

नक्कल होती, मान्य. शिकणारा नकलेपासूनच सुरू करतो. ती जर्मन पोरंही अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या रेकॉर्डी ऐकूनच शिकली, त्यानंच सांगितलं. पण त्यांना कोणी अर्ध्यावर उतरवलं नाही. त्यांना स्वतःचं सापडेपर्यंत वाजवू दिलं. आमच्या भातखाचरांवर तुमच्या इमारती उभ्या आहेत, तो हिशोब मी इथे काढत नाही. मला फक्त स्टेज हवंय.

वाशीकर, गणपतीआधी तुमच्या मंडळाची सभा होईल. घरात बसू नका. जा, उभे राहा नि ठराव मांडा: यंदा बोनकोड्याची पार्टी वाजवेल, आणि शेवटपर्यंत वाजवेल.