आखाड्यात दाखवलेली मेख

सहादेवचा हात आधी चालायचा, तोंड मागून. शेवगाव तालुक्यातल्या त्याच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बैलांचा व्यापार हा त्याचा धंदा, आणि घोडेगावच्या बाजारात त्याने जेवढे बैल विकले असतील तेवढीच भांडणं विकत घेतली असतील. कुणी बैलाच्या दातांत खोट काढली की हा गचांडी धरायचा. ठरलेला सौदा कुणी मोडला की कानाखाली जाळ काढायचा. त्याची आई बायडाबाई म्हणायची, "बैलाला कधी चाबूक लावत न्हाईस आन् मानसाला सोडत न्हाईस." त्यावर याचं उत्तर तयार, "बैल खोटं बोलत न्हाई, आये." आता असल्या माणसाला शिकवायचं तरी कुणी आणि काय?

एका शब्दावर मात्र त्याच्या डोळ्यांत रक्तच उतरायचं. चोर. त्याच्या बापाला भर बाजारात चोर ठरवून लिंबाच्या झाडाला बांधून मारलं होतं, बरगड्या मोडेपर्यंत. ज्या बैलापायी मारलं तो दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी चरताना सापडला. मारणाऱ्यांपैकी एकजणही घरी येऊन चुकलं म्हणाला नाही. बाप खंगून खंगून गेला, आणि तेव्हापासून तो शब्द तोंडातून काढणाऱ्याचे दात जागेवर राहत नसत.

बन्सीचे राहिले नाहीत. पण त्याच्याआधी सहादेवचा स्वतःचा खांदा गेला होता, ते आधी सांगितलं पाहिजे. कासरा मनगटाला गुंडाळू नये, हे बैलवाल्याच्या पोराला बाळकडूतच पाजलेलं असतं. त्या दिवशी हे महाशय मोबाईलवर कुणाला तरी शिव्या घालत होते. हात मोकळा हवा म्हणून कासऱ्याचे वेढे उजव्या मनगटाला दिले. ट्रकने हॉर्न मारला, बैल बुजला आणि सहादेवला रस्त्याकडेच्या खडीवरून फरफटत घेऊन गेला. अंगाची सालटी निघाली ती निघालीच, पण खांद्यात काहीतरी कट्‌दिशी तुटलं. तो आवाज त्याच्या कानात कायमचा बसला.

नगरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. स्नायू जिथे हाडाला धरून असतो तिथूनच तो तुटला होता. हाडात गव्हाच्या दाण्याएवढी मेख ठोकायची, तिला दोरे असतात, त्या दोऱ्यांनी तुटलेलं टोक पुन्हा हाडाशी आवळून बांधायचं. ऑपरेशन झालं. हात झोळीत ठेवा आणि जोर लावू नका, असं बजावून डॉक्टरांनी घरी सोडलं. टाके सुकतात न सुकतात तोच हा बाजारात हजर. चहाच्या टपरीवर बन्सी नावाच्या व्यापाऱ्याने सहज टाकलं, "चोराचं पोरगं, हात गळ्यात बांधून बी सौदा मारतंय." सहादेवने झोळीतून हात काढला. बन्सीचे पुढचे दोन दात टपरीच्या फळीवर पडले, आणि सहादेवच्या हाडातली मेख दोऱ्यांसकट उपटून आली. दोघेही एकाच टेम्पोतून दवाखान्यात गेले, वाटभर एकमेकांची आई-बहीण काढत.

दुसऱ्यांदा चिरफाड झाली, तरी हात पुन्हा कानाच्या वर गेला नाही. सदरा घालायला बायको लागायची, सविता. आणि ती कधी काही बोलली नाही, याचाच त्याला जास्त राग यायचा.

धाकटा भाऊ अजिनाथ, सहादेवचा आज्या, मात्र अगदी उलट्या वळणाचा. नगरच्या एका कारखान्यात इंजिनियर. बाप गेल्यावर सहादेवनेच त्याला शिकवलं, म्हणजे मारून मुटकून शाळेत नेऊन बसवलं. त्याने डॉक्टरांना गाठून विचारलं, मेख निघालीच कशी? डॉक्टर म्हणाले, भाऊसाहेबांच्या बुक्कीने निघाली, पण हाड आतून भुसभुशीत असलं की सरळ मेख तशीही धरत नाही. अजिनाथला रान आठवलं. पोकळ जमिनीत नुसती मेख ठोकली तर बैल एका हिसक्यात उपटतो, म्हणून खड्ड्यात आडवं लाकूड पुरून त्याला दोर बांधतात. हाडात तसंच करता आलं तर? बराच काळ खपून त्याने मेख बनवली. आत जाताना सरळ, आत गेली की आडवी उलगडणारी. डॉक्टरांनी ती बकरीच्या हाडांत ठोकून ओढून पाहिली. दोरे तुटले, मेख हलली नाही.

पेटंटच्या अर्जाचं काम पुण्याच्या धनश्री मॅडमकडे दिलं. त्यांनी पहिल्याच भेटीत ताकीद दिली, की अर्ज दाखल होईपर्यंत ही वस्तू कुणाला दाखवायची नाही. जगाने आधी पाहिलेली गोष्ट कायदा नवी मानत नाही, मग ती घरच्यांनीच दाखवलेली का असेना. अजिनाथने हे घरी येऊन भावाला सांगितलं. सहादेव हसला. "मला शिकवतोस व्हय? उपरन्याखाली बोटं दाबून सौदा करनारा मानूस मी. शेजारच्याला भाव कळू देत न्हाई."

आणि त्याच माणसाने काय करावं? अजिनाथ पुण्यात आणखी हाडांवर मेख तपासत बसलेला असताना, गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या हंगाम्याला, याने घरातल्या भावाच्या टेबलावरच्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढला आणि फ्लेक्स छापून आणला. मधोमध ती मेख, म्हशीएवढी. आपल्याकडे पोरगं पोलीस भरतीत लागलं तरी चौकात फ्लेक्स लागतो. आपल्या भावाने एवढं केलं आणि गावाला पत्ता नाही, हे काही त्याच्या छातीत मावेना. तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्याने माईक घेतला, सदरा काढून खांद्यावरची शिवण दाखवली, आणि आखाड्याच्या उकरलेल्या मातीत आधी साधी मेख ठोकायला लावली. एका पैलवानाने ती हिसक्यात उपटली. मग आडव्या लाकडाची पुरली. चार पैलवान दोर ओढून ओढून तोंडावर आपटले, एकाचं नाक फुटलं, लोकांनी शिट्ट्यांनी आखाडा डोक्यावर घेतला. "आज्याची मेख हाडात जाऊन अशी आडवी व्हती," सहादेव माईकवर सांगत होता, आणि लोकल चॅनेलवाला ते सगळं यूट्यूबसाठी टिपत होता.

अजिनाथला फोनवर एवढंच कळलं की दादाने फ्लेक्स लावला. फ्लेक्स काय, वाढदिवसालाही लागतो. त्याने पुढे विचारलं नाही, आणि त्याच पंधरवड्यात अर्ज दाखल केला.

यथावकाश पेटंट ऑफिसचा तपासणी अहवाल आला. तपासणारा पक्का होता. त्याने परदेशातल्या जुन्या मेखा हुडकून समोर मांडल्या. धनश्री मॅडमनी त्यांना उत्तरं दिली, की त्यांतली एकही अशी आडवी होत नाही. एक आक्षेप मात्र गळ्यात हाडासारखा अडकला. यात्रेचा व्हिडिओ. अर्जाच्या आधीचा, आणि त्यात सगळं इत्थंभूत.

अजिनाथ गावी आला तेव्हा सहादेव गोठ्यात वैरण टाकत होता.

"दादा, आखाड्यात काय केलंस तू?"

"तुझं नाव काढलं. दुसरं काय?"

अजिनाथने मोबाईल पुढे धरला आणि अहवालाचं सांगितलं. "आता एकच वाट आहे. माझ्याकडची गोष्ट माझ्या परवानगीवाचून दाखवली गेली, हे सिद्ध झालं तर आक्षेप उठतो. तुला शपथेवर लिहून द्यावं लागेल, की तू मला न विचारता घेतलंस."

"म्हंजी चोरलं?"

"न विचारता घेतलंस."

"चोरलं म्हन की सरळ."

आयुष्यभर भावापुढे मान खाली घालणारा अजिनाथ त्या दिवशी मान वर करून म्हणाला, "व्हय. चोरलंस."

सहादेवचा उजवा हात निकामी होता, पण डावा होता ना. थोबाडीत अशी बसली की अजिनाथ गव्हाणीवर आदळला, ओठ फाटला, रक्त कडब्यावर सांडलं. तो उठायला गेला तसं सहादेवने त्याचं मनगट धरलं, हात पाठीमागे पिरगाळला, पाठीत गुडघा रोवला. "चोर न्हाई म्हन." अजिनाथने नकारार्थी मान हलवली. सहादेवने हात आणखी वर ओढला. "म्हन." बैल दाव्याला हिसके देऊ लागले. सहादेवने सगळं वजन टाकून ओढलं, आणि अजिनाथच्या खांद्यात कट्‌दिशी काहीतरी तुटलं.

तो आवाज सहादेवने ओळखला. त्याचा हात आपोआप सुटला.

बायडाबाई चुलीपासून लोखंडी फुंकणी घेऊन धावली आणि त्या केस पिकलेल्या लेकाला पाठीवर, डोक्यावर, मिळेल तिथे बडवत सुटली. "त्याला बी झाडाला बांध, मुडद्या," ती ओरडत होती, "तेवढंच ऱ्हायलंय." सहादेवने एकही फटका चुकवला नाही. कपाळातून रक्त डोळ्यात आलं तरी तो तसाच उभा होता. सविताने दिराला उठवून गाडीत बसवलं आणि जाताना नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दवाखान्यात अजिनाथने सांगितलं, मोटरसायकलवरून पडलो. डॉक्टरांना ते पटलं नाही, पण पेशंट बोलेना तर ते तरी काय करणार? खांद्यात जुन्याच पद्धतीची मेख ठोकली, कारण नवी माणसांत घालायची परवानगी अजून कुठे होती? धनश्री मॅडमना त्याने कळवून टाकलं, "ज्याने मला शिकवलं त्याला चोर लिहून पेटंट नको. गेलं तर जाऊ द्या." हे सविताने घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं. गोठ्यातल्या त्या दिवसानंतरचं तिचं त्याच्याशी ते पहिलं बोलणं. सहादेव जेवता जेवता उठला आणि हात धुऊन गोठ्यात जाऊन बसला.

शेवटची सुनावणी धनश्री मॅडमच्या ऑफिसातून, कॉम्प्युटरवर झाली. पडद्यावर पेटंट ऑफिसचे साहेब, अलीकडे मॅडम आणि झोळीत हात घातलेला अजिनाथ. मॅडमनी सांगितलं की व्हिडिओ अर्जदाराला न विचारता झाला, त्याला तो अहवालातूनच कळला. साहेब शांतपणे म्हणाले, "सख्खा भाऊ, एकच घर. भाऊ माईकवरून सांगतोय आणि याला माहीत नाही, हे मी कशावरून मानू? शपथेवर काहीच नाही तुमच्याकडे." मॅडम कागद चाळू लागल्या. तेवढ्यात दार उघडून सहादेव आत आला. सविताकडून तारीख कळली तसा एसटीने आला होता, कुणी बोलावलं नव्हतं.

"मी त्यो भाऊ," तो कॉम्प्युटरपुढे उभा राहून म्हणाला. "त्यानं सांगितलं हुतं, दावू नको. मी दावलं. त्याच्या टेबलावरनं चित्र चोरलं."

"आता तुम्ही भावासाठी म्हणालच," साहेब म्हणाले. "पुरावा काय?"

सहादेवने झोळीकडे बोट केलं. "ह्यो. दोघांनी मिळून दावलं असतं तर मी त्याचा हात कशापायी उपटला असता, साहेब? मला चोर म्हनला म्हनून उपटला. आन् म्हनला ते खरं हुतं."

"साहेब, असं काही नाही," अजिनाथ घाईने म्हणाला. "मी गाडीवरून पडलोय. दादाचा काही संबंध नाही."

सहादेवचा डावा हात सवयीने वर गेला. मॅडम खुर्चीतून अर्धवट उठल्या. पडद्यावरच्या साहेबांनीही तो हात पाहिला, आणि अजिनाथने डोळे मिटून मान खांद्यात ओढली ती पाहिली. लहानपणापासून फटके खाल्लेला माणूसच अशी मान ओढतो. सहादेवनेही ते पाहिलं, जन्मात पहिल्यांदा. त्याने तो हात खाली आणून भावाच्या तोंडावर हळूच ठेवला. "गप, आज्या. माझ्यापायी खोटं बोलू नगं."

साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाले, "हे शपथेवर लिहून द्या. दवाखान्याचे कागद जोडा. मग विचार करतो."

मॅडमनी सहादेवला बाजूला घेतलं. "यावरून तुमच्यावर पोलीस केस होऊ शकते."

"हू द्या," तो म्हणाला, आणि मॅडमच्या टेबलावरचं पेन डाव्या हातात धरलं, कारण उजव्याने आता सहीही धड होत नव्हती.

पेटंट मिळालं. सहादेवला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, अजिनाथने तक्रार दिली नाही, आणि प्रकरण तिथेच मिटलं. पण गावात असल्या गोष्टी झाकून राहतात होय? सहादेवने चोरी लिहून दिली, हे त्याच्या आधी घोडेगावला पोचलं. तो बाजारात गेला तेव्हा बन्सी त्याच टपरीवर बसला होता, कवळी लावून. चार लोक बघून त्याला चेव आला.

"काय चोरा, आता काय उचलायला आलास?"

टपरीवरची माणसं बाकांवरून उठून मागे सरली. बन्सीला बोलल्यावर भान आलं, आणि त्याने दोन्ही हात तोंडावर धरले. सहादेवने चहाचा ग्लास खाली ठेवला. डावी मूठ वळली होती, ती सगळ्यांना दिसत होती. ती उघडायला त्याला बराच वेळ लागला.

"व्हय," तो म्हणाला. "मी चोरलं. शपथेवर लिहून दिलंय. पर माझ्या बापानं चोरलं नव्हतं, बन्सी. ते बी ध्यानात ठिव."

मग तो उठून आपल्या बैलाकडे गेला आणि कासरा मनगटाला न गुंडाळता मुठीत धरला. बन्सीने तोंडावरचे हात काढले तेव्हा तो बाजारात दिसेनासा झाला होता.