पावडरच्या डब्यापर्यंत

केस कापायच्या दुकानात खुर्च्या दोन. पहिलीपाशी वस्तादांचा मुलगा उभा राहायचा, दुसरीवर कापड टाकलेलं. ती खुद्द वस्तादांची. त्यांचा उजवा खांदा आखडल्यापासून तिच्यावर गिऱ्हाईक बसलं नव्हतं. मुलाने दोनदा विषय काढला होता: लोक बाकावर ताटकळतात, कंटाळून उठून जातात, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर एक कारागीर ठेवू. वस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आपली खुर्ची दुसऱ्याला द्यायची म्हणजे काय, हे त्यांना बोलून दाखवता येत नव्हतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सगळं नीट सांगितलं होतं. आधी गरम टॉवेलचा शेक, मग हात सैल सोडून झुलवायचा, मग बोटांनी भिंत चढायची, आणि दुखायला लागलं की तिथंच थांबायचं. रोज थोडं थोडं, काका, खांद्याशी भांडायचं नाही हं. त्यांच्या प्रत्येक वाक्याला हे 'हं' चिकटलेलं असायचं. वस्ताद घरी त्यांची हुबेहूब नक्कल करायचे, आणि दुकानात येऊन खांद्याशी कडाकडा भांडायचे.

भिंत आरशाशेजारची, वेळ शटर अर्धं उघडलेलं असतानाची. सगळ्यात वरच्या फळीवर पावडरचा डबा होता. त्याला हात लागला की आपण बरे झालो, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

एका सकाळी बोटं डब्याला लागली. आरशात स्वतःकडे बघतच त्यांनी मुलाला हाक मारली.

"बघ. उद्यापासून मी उभा राहतो. कारागीर-बिरागीर काही नको."

मुलगा मागेच उभा होता. त्याने गिऱ्हाइकाला मान दाखवायचा छोटा आरसा उचलला आणि वडिलांच्या पाठीमागे धरला, रोज धरतो तसा, जरा तिरका.

"मागून बघा, बाबा."

त्या आरशात आजवर कुणी धड बघितलं नव्हतं. लोक न बघताच मान डोलवायचे, झकास म्हणायचे आणि उठायचे. वस्तादांनी बघितलं. टाचा उचललेल्या, कंबर बाहेर गेलेली, अंग एका बाजूला कललेलं, खांदा कानाला टेकलेला. खांदा होता तिथंच अडला होता, डब्यापर्यंत गेलं होतं ते बाकीचं शरीर.

"असे केस मी कापले असते, तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नसतं," ते हळूच म्हणाले.

मुलगा हसला नाही. त्याने टॉवेल गरम करून आणला.

शेक झाल्यावर वस्तादांनी टाचा जमिनीला टेकवल्या आणि पुन्हा भिंत धरली. बोटं वस्तऱ्याला धार लावायच्या चामडी पट्ट्याच्या खिळ्यापर्यंत गेली. डबा खूप वर राहिला. खांदा दुखला, तसे ते थांबले. मग डाव्या हाताने त्यांनी खुर्चीवरचं कापड ओढलं आणि दारात जाऊन झटकलं.

"कारागीर बघ. डोकी त्याला दे. दाढी तेवढी माझ्याकडे. खुर्ची मागे टाकली की कोपर अंगाशी ठेवून होते."

आणि दुखलं तर, मुलाने विचारलं.

"तर थांबायचं हं," वस्ताद म्हणाले. त्यातलं 'हं' त्यांच्या ध्यानातही आलं नाही.