सुमनमावशींचे फ्रँकफर्टमधले नऊ तास

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. "रेखाताई, आई गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी चहा घेऊन तो बेसमेंटमधल्या सुमनमावशींच्या खोलीत गेला, तर झोपेतच... मी "बरं" म्हणाले, फोन खिशात टाकला आणि उरलेली काच साफ करत राहिले. नंतर कुणाला तरी कळवावं म्हणून फोन पुन्हा काढला, आणि लक्षात आलं, या गावात असं काही कळवावं असं माझं माणूस एकच होतं, सुमनमावशी.

सुमनमावशी बुलढाण्याकडच्या. तिथल्या उपकेंद्रात त्यांनी तीस वर्षं नर्सबाईची नोकरी केली. सात गावं त्यांच्याकडे होती. लसींचा डबा खांद्याला लावून त्या उन्हातान्हात पायी फिरत. नवरा लवकर गेला. एकुलता मिलिंद इंजिनिअर होऊन इकडे कॅनडात, वॉटर्लूला आला आणि आई रिटायर होताच त्याने तिला बोलावून घेतलं, अगदी प्रेमाने. पण इथे बसस्टॉप लांब, फुटपाथवर बर्फ, आणि मिलिंदला एकच धास्ती, आई घसरून पडेल. नातू विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत द्यायचा आणि वर निघून जायचा. जयंतीच्या एका कार्यक्रमात आमची ओळख झाली. "जय भीम, पोरी. तू कोनासंग राहते?" त्यांनी विचारलं. एकटीच, म्हणाले. त्यांनी माझा हात धरला तो कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही.

२०१२च्या एप्रिलमध्ये मी नागपूरहून परत येत होते आणि मावशीही चार महिने गावी राहून निघाल्या होत्या. मिलिंदने आमची तिकिटं एकाच विमानाची काढली. वाटेत फ्रँकफर्टला नऊ तास थांबायचं होतं. त्याने आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. मुंबईपासून त्या निमूट त्या खुर्चीत बसून होत्या. फ्रँकफर्टला खुर्ची ढकलणारा माणूस आम्हाला एका कोपऱ्यात सोडून गेला, तशा त्या उठून उभ्याच राहिल्या.

"नऊ घंटे इथं बसून काय करतं? बाहेर जाता येते का?"

"मावशी, मिलिंद रागावेल."

"त्याले कोन सांगते? मले पाय हायेत."

आम्ही दोघी कॅनडाच्या नागरिक झालेल्या. खिडकीतल्या अधिकाऱ्याने निळ्या पासपोर्टांवर शिक्के मारले आणि जा म्हणून मान हलवली. मावशी चार पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. "पाह्य ना रेखा, माह्या गावी जाताना मले व्हिसा काढा लागला. अन् इथं कोनी काही विचारलंच नाही..."

लोकल गाडीने पंधरा मिनिटांत शहरात पोचलो. सरकत्या जिन्याने वर आलो तर समोर काचेच्या उंचच उंच इमारती. मावशींनी मान इतकी मागे टाकली की पदर घसरला. मजले मोजायला लागल्या, तिसाच्या पुढे चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिथून थोडं चाललं की जुना चौक लागतो. लाकडी पट्ट्यांची, उतरत्या छपरांची घरं, मधे कारंजं, पायाखाली दगडी फरशी. मी पाटीवरचं इंग्रजी वाचून सांगितलं की युद्धात हे सगळं जळालं होतं, ही घरं तीसेक वर्षांपूर्वी जुन्यासारखी पुन्हा बांधलीत. मावशी खो खो हसल्या. "म्हंजे मिलिंदपेक्षा लहान हायेत! अन् मी आपली म्हाताऱ्या मानसासारखी त्यायले मान देऊन राहिलो." मग आम्ही गाठ मारल्यासारखा दिसणारा एक खारट पाव घेतला आणि बीपीसाठी त्यावरचा एकेक मिठाचा खडा नखाने काढून वाटून खाल्ला. त्या पुढे आणि मी मागे, अशाच आम्ही फिरलो. सिग्नलला मी हात धरायला गेले तर त्यांनी तो हलकेच सोडवून घेतला. अडुसष्टाव्या वर्षी असं भराभर चालणारी ही बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

माइन नदीवर एक लोखंडी पादचारी पूल आहे. त्यावरून एका बाजूला चर्चचा लाल दगडी मनोरा दिसतो आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती. कठड्याला प्रेमिकांनी नावं कोरून कुलपं लावली होती. "अन् किल्ल्या?" मावशींनी विचारलं. नदीत टाकतात, मी म्हणाले. त्यांनी कठड्यावरून वाकून खाली पाण्यात पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले परत यायचं नव्हतं, रेखा. गावी माह्या दोन खोल्या हायेत. दारातून निघालं की चालता येते. मिलिंद वाईट नाही, पन मी त्याले सांगतो तर तो रडते. तू सांगशीन का?"

सांगेन, मी म्हणाले.

टोरंटोला मिलिंद न्यायला आला होता. "आई, खूप दमलीस ना?" व्हीलचेअरमधल्या मावशींनी हो म्हणून मान हलवली आणि त्याच्या खांद्याआडून माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

आणि मी त्याला सांगितलं नाही. त्यांच्या घरात मी कशाला पडू, असं स्वतःला समजावत राहिले. खरं कारण वेगळं होतं. फ्रँकफर्टनंतर दर शनिवारी मी मावशींना घेऊन यायचे. मॉलमध्ये दोन फेऱ्या मारायच्या, मग माझ्याकडे पिठलं-भाकरी. त्या गेल्या असत्या तर माझे शनिवार गेले असते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

मागच्या आठवड्यात मिलिंदकडे गेले. बेसमेंटमध्ये तो एकटाच बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, पुलावरचं बोलणं, मी दिलेला शब्द, न सांगण्याचं कारणसुद्धा. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"गेल्या ऑक्टोबरमध्ये आईने स्वतःच सांगितलं मला," तो म्हणाला. "रडलो मी, she was right. पण मग तिकीट बुक करायला बसलो, तर म्हणाली, आता नको, मार्चचं काढ. डिसेंबरात रेखाचं पोटाचं ऑपरेशन हाय, तिच्याजवळ कोन हाय?"

ऑपरेशननंतर आठ दिवस त्या माझ्या फ्लॅटमध्ये राहिल्या होत्या. मऊ भात भरवला, टाके पाहिले, आणि तिसऱ्याच दिवशी मला उठवून बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये काढलं. मी भिंतीला धरून, त्या दोन पावलं पुढे. "चाल पोरी, बसून राहिली तं बसूनच राहशीन." लिफ्टपर्यंत अकरा दारं आहेत. एकाही दारामागचं माणूस मला ठाऊक नाही. त्या मात्र प्रत्येक दाराशी थांबून दम घेऊ द्यायच्या, मग पुढे.

आता ऑफिसमधून आले की कोट न काढताच मी लिफ्टपर्यंत जाते आणि परत येते. प्रत्येक दाराशी थांबते... दम लागलेला नसतो, तरी थांबते.