साडूंनी हातानं जोडलेला डेटाबेस

उघडी राहिलेली वस्तू सहन न होणारा माझ्या साडूंइतका दुसरा माणूस यवतमाळ जिल्ह्यात नाही, आणि जिल्ह्याबाहेर असेल असंही मला वाटत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कळंबला बसस्टँडच्या मागे त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. आमच्याकडे यवतमाळला आले की चप्पल काढायच्या आधी ते फाटकाची कडी नीट लावत, वाटेतला नळ पिळत, ओट्यावरच्या डब्यांची झाकणं दाबून बघत आणि माझ्या खिशातल्या पेनाला टोपण आहे याची खात्री झाल्यावरच खुर्चीत बसत. एका लग्नात अनोळखी बाईंची पर्स उघडी दिसली म्हणून त्यांनी मागून जाऊन तिची चेन ओढली होती. पुढे जे झालं ते निस्तरायला मला नवरीच्या मामांना मध्ये घालावं लागलं. फोनवरचं बोलणंसुद्धा त्यांना अर्धवट सोडवत नसे. "झालं? काही राह्यलं? मंग ठेवू?" असं विचारून, समोरच्यानं हो म्हटल्यावर ते फोन ठेवत, आणि समोरच्यानं आधीच ठेवला असेल तर परत लावून विचारत.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे रेडीमेड वस्तूंचा राग. हा शब्द ते शिवीसारखा वापरत. शर्ट ठरलेल्या शिंप्याकडचा, तिखट घरी कांडलेलं, केरसुणी घरी बांधलेली. क्लासमधली टेबलंही त्यांनी स्वतः ठोकली होती. त्यातलं एक बसस्टँडच्या दिशेला कललेलं होतं आणि त्याच्यावर ठेवलेला माउस आपणहून घसरत जाई. विद्यार्थ्यांना ते टेबल फार आवडायचं. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती यावर एवढंच म्हणायची, "मी रेडीमेड भेटली म्हणून बरं, नाहीतर यायनं बायकोबी घरीच बनवली असती." साडू त्यावर गंभीरपणे विचार करत, जणू ती सूचना होती.

माणसांशी ते अस्सल वऱ्हाडी बोलत, पण कॉम्प्युटरशी मात्र पुस्तकी मराठी. मशीन अडलं की पडद्यासमोर किंचित वाकून, "आपली नेमकी अडचण काय आहे?" असं विचारताना मी त्यांना ऐकलं आहे. मी शाळामास्तर, त्यामुळे त्यांना वाटे की ही भाषा मला आवडत असेल. मला ती आवडत असे हे खरं आहे.

ती कपाशीची वाईट वर्षं होती. बोंडअळी औषधाला दाद देत नव्हती, म्हणून लोक औषध वाढवत होते. त्या साली कपाशीची पऱ्हाटीही माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली होती, आणि उभ्या पिकात शिरून फवारणारा माणूस ते औषध अंगावर आणि नाकातोंडात घेऊनच बाहेर येत होता. साडूंच्या क्लासची जुनी विद्यार्थिनी वैशाली कळंबहून बऱ्याच आत असलेल्या गावी दिली होती. तिचा नवरा एका सकाळी फवारताना धुऱ्यावरच, शेताच्या बांधावर, कोसळला. उलट्या, अंगाला कंप, डोळ्यांपुढे धुकं. तिनं ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. कळंबहून गाडी यायला दुपार झाली. नवरा वाचला, पण नंतर कळलं की तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक टेम्पो सकाळभर रिकामा उभा होता, आणि त्याचा मालक घरी झोपला होता. हे ती क्लासमध्ये येऊन सांगून गेली. तक्रार नव्हती तिची. साडूंनी मला त्याच दिवशी फोन करून सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मास्तर, गाडी होती. मालूम नव्हतं, बस." त्या दिवशी ते "ठेवू?" न विचारता थांबले. मीच ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक वेबसाइट लिहायला घेतली. फोनवर ते पान उघडायचं, आपल्या गावाचं नाव टाकायचं, की जवळपास कुणाची जीप, टेम्पो, मॅजिक आहे, ती आत्ता रिकामी आहे का आणि मालकाचा नंबर काय, हे समोर यायचं. चालकांची नावं मिळवायला ते स्वतः फोनवर बसले. बोरी अरबपासून फुलसावंगीपर्यंतच्या गाडीवाल्यांशी त्यांचं बोलणं झालं. भेट मात्र कुणाचीच नाही, सगळी ओळख आवाजाची. बोरी अरबला शकीलभाई म्हणून गॅरेजवाले होते, त्यांची स्वतःची जीपही होती. ते रोज संध्याकाळी उगाचच फोन करून जीप कुठं आहे ते कळवू लागले.

या कामातला एक भाग मला साडूंनी इतक्यांदा समजावला की मी तो झोपेतही सांगू शकेन. पान दाखवणारा सांगाडा एकीकडे असतो, त्याला ते फ्रेमवर्क म्हणत. गावं, गाड्या, नंबर ही माहिती दुसरीकडे, डेटाबेसमध्ये. दोघांची बोली निराळी, म्हणून मध्ये ओआरएम नावाचा दुभाषी ठेवायचा. पानानं विचारलं की दुभाष्यानं डेटाबेसशी जोडणी उघडायची, उत्तर आणायचं आणि जोडणी मिटवायची. हा दुभाषी फ्रेमवर्कला बसवून देणारं तयार प्लगइन फुकटात मिळतं. त्यांची मुलगी प्राची नागपूरला याच कामाच्या नोकरीत होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, की बाबा, प्लगइन लावा, जोडणी उघडायची-मिटवायची काळजी तेच घेतं. साडूंना हे अपमानासारखं वाटलं. "उघडलेलं बंद कराले मले दुसरं कोणी कायले पायजे?" ते म्हणाले. दुभाषी त्यांनी घेतला, प्लगइन नाकारलं आणि दोन्ही टोकं हातानं जोडली. प्रत्येक शोधाच्या शेवटी जोडणी मिटवणारी ओळ स्वतः लिहिली आणि ती मला यवतमाळहून बोलावून दाखवली. मी ती पाहिली आणि छान आहे म्हणालो.

पान चालू लागलं. किराणा दुकानांत त्याचे कागद लागले, कागदावर खाली साडूंचा नंबर. पहिले काही आठवडे दिवसाकाठी थोडेच लोक ते उघडत आणि त्यांचं काम होत असे. मग पोळा झाल्यावर, फवारणीचा जोर असताना, चतुर्थीला मी आणि बायको चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला गेलो होतो. दर्शन करून साडूंकडे जेवायला बसलो तेवढ्यात शकीलभाईंचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं पान खुलून नाही राह्यलं. नुस्तं फिरून राह्यलं."

साडू उष्ट्या हातानं उठले. त्यांनी कॉम्प्युटरला आपली अडचण काय आहे असं विचारलं नाही. सगळं बंद करून परत चालू केलं. पान उघडलं, थोडा वेळ चाललं आणि पुन्हा फिरायला लागलं. तोवर दुसरा फोन आला, मग तिसरा. वैशालीच्या शेजारची बाई होती, तिचा दीर रानात पडला होता. आणखी दोन गावांतून तेच. दमट, वारा नसलेला दिवस होता, आणि त्या हवेत फवारायला नको हे सगळ्यांना माहीत असूनही पाऊस यायच्या आत उरकायचं म्हणून लोक रानात होते.

मी साडूंना त्यापूर्वी गडबडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांचे हात की-बोर्डवर होते आणि हलत नव्हते. ताईनंच मग सांभाळून घेतलं. तिनं त्यांच्या समोरचा फोन उचलला, त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "नंबर तुमच्यापाशी हायेत ना सगळ्यायचे? मंग बोला. मशीनचं मागून पाहू."

मग आम्ही चौघं बसलो. साडू पेशंटच्या माणसाचा फोन घेत आणि गाव मोठ्यानं सांगत. कुठल्या गावाला कुणाची गाडी जवळ, हे त्यांना पाठ होतं. ते नंबर सांगत, आम्ही तिघं आपापल्या फोनवरून चालकांना लावत होतो. माझ्या बायकोनं आयुष्यात कधी परक्या पुरुषाला फोन केला नव्हता. त्या दुपारी ती टेम्पोवाल्यांना, "दादा, तुमी निघाले का, का मी दुसऱ्याले सांगू?" असं दरडावत होती. बोरी अरबच्या बाजूला एक पेशंट होता आणि शकीलभाईंची जीप आधीच दुसऱ्याला घेऊन यवतमाळच्या वाटेवर होती. ते जीप चालवतच होते, तरी त्यांनी गॅरेजवरच्या भावाला फोन केला. दुरुस्तीला आलेली एका गिऱ्हाइकाची कार उभी होती, ब्रेकचं काम नुकतंच झालं होतं. भावानं मालकाला न विचारता ती काढली. मालकाला नंतर कळलं, तेव्हा त्यानं फक्त ब्रेक लागले का एवढंच विचारलं, असं शकीलभाईंनी पुढे सांगितलं.

दुपार उतरली तशी फोन कमी झाले. आम्ही लावलेल्या गाड्यांतली सगळी माणसं दवाखान्यात पोहोचली. त्यातला एक जण, वैशालीच्या शेजारणीचा दीर, तिसऱ्या दिवशी गेला. हे मी इथं सांगतो, कारण साडू ही हकीकत सांगताना ते कधीच गाळत नसत.

चहाच्या वेळी प्राचीनं नागपुरात बसून सगळा कोड पाहिला आणि फोन केला. तिनं जपून सांगितलं. शोध नीट झाला की जोडणी मिटत होती, पण टाकलेलं गाव सापडलं नाही तर काम मध्येच संपत होतं आणि मिटवण्याची ओळ पुढेच राहात होती. एरवी हे क्वचित व्हायचं. त्या दिवशी घाबरलेल्या माणसांनी घाईत गावाची नावं चुकीची टाकली. प्रत्येक चुकीच्या नावामागे एक जोडणी उघडी राहिली. एका वेळी ठरावीकच जोडण्या उघडता येतात, त्यामुळे शेवटी नव्या माणसाला जागाच उरली नाही.

"म्हंजे मी उघडं ठेवलं," साडू म्हणाले.

ताई स्वयंपाकघरात गेली. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळून कललेल्या टेबलाकडे पाहात होतो, ते त्यांनी आता घरी आणून ठेवलं होतं.

"सांग मले," ते फोनमध्ये म्हणाले, "ते रेडीमेड कसं लावाचं ते."

प्लगइन बसायला फार वेळ लागला नाही. त्यांनी ते स्वतः टाइप केलं, प्राची सांगत होती. आता शोध फसो की जमो, पान दाखवून झालं की जोडणी आपोआप मिटत होती. तरी पुढे कित्येक महिने ते सकाळी दात घासायच्या आधी उघड्या जोडण्या किती आहेत ते पाहात, आणि आकडा बरोबर दिसला की थोडे खट्टू होत. त्या दिवाळीत त्यांनी कळंबच्या बाजारातून एक तयार शर्ट आणला. खांद्यात तो सैल होता. त्यांनी तो दिवाळीभर घातला.

हिवाळ्यात शकीलभाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. निमंत्रणाचा फोन आला तेव्हा साडूंनी मला सोबत चला म्हटलं, कारण तिथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. बोरी अरबच्या मांडवात आम्ही दोघं एका कडेला बसलो. यातले शकीलभाई कोणते हे आम्हांला माहीत नव्हतं, आणि दाखवा म्हणायला साडूंना संकोच वाटत होता. शेवटी त्यांनी वाढणाऱ्या एकाला हात धुवायला पाणी कुठं आहे असं विचारलं. पलीकडून भांडं घेऊन जाणारा एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस तिथंच थांबला. त्यानं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "कळंबवाले सर?" ते शकीलभाईच होते. मग त्यांनी हाका मारल्या. मांडवातून एकेक जण येत गेला. नाव कुणी सांगत नव्हतं, सगळे गावच सांगत होते. मी फुलसावंगी. मी डोंगरखर्डा. साडू प्रत्येकाचा चेहरा नीट बघून घेत होते.

आता तिकडे अँब्युलन्स लौकर पोहोचते, फवारणीच्या तऱ्हाही थोड्या बदलल्या. ते पान कुणाला लागत नाही. साडूंना ऐकू कमी येतं, फोन ताईच घेते. शकीलभाई कळंबला काही काम निघालं की त्यांच्याकडे जातात. खुर्ची ओढून अगदी समोर बसतात, सावकाश बोलतात, आणि साडू त्यांच्या ओठांकडे पाहात राहतात.