झोपेच्या औषधाआधी

आमच्या बोरी गावात नुकते मोबाइल येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. आईला झोपेत मण्यार चावली. नारायणगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या पापण्या मिटल्या, मग श्वासही अडला. विषावरची इंजेक्शनं झाली, पण विष उतरेपर्यंत श्वास मशीनच घेणार होतं. आयसीयूत तिचं बोटसुद्धा हलत नव्हतं.

दुपारी आत्या आली. बाई मोठी व्यवहारी, रडतानाही लक्ष कामावर. सवाष्ण गेली की तिला माहेरची हिरवी साडी नेसवतात. आत्याने कॉटपाशीच मामाला बजावलं, "हिरवी साडी आणून ठिव रं भाऊ. ऐनवेळी पळापळ नको." मामाने डोळे पुसत मान हलवली. मीही गप्प राहिले. एरवी घरात माझंच तोंड सगळ्यांत मोठं, पण आई गाढ झोपलीय, तिला काय कळतंय, असंच मी धरून चालले होते.

पलीकडच्या कॉटवरच्या पेशंटला बघणारी सिस्टर हातातलं काम टाकून आली. वारूळवाडीची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने मशीनच्या पडद्याकडे बघितलं. आईची नाडी ऐंशीवरून एकशेतीसवर गेली होती. मग तिने आईच्या मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी टिपलं.

"आत्याबाई, बाहेर व्हा. त्यांना सगळं ऐकू येतंय. विषानं अंग लुळं पडलंय, झोप लागलेली न्हाई."



तिने डॉक्टरांना फोन लावून झोपेचं औषध वाढवायचं विचारून घेतलं. पण सुईला हात लावण्याआधी ती आईच्या कानाशी वाकली. "मावशी, साप चावलाय म्हणून हात-पाय हलत न्हाईत. विष उतरलं की हलतील. श्वास मशीन घेतंय. आता औषध देते, झोपा. मी इथंच हाय."

मग थोडं औषध, थोडं थांबणं, पुन्हा थोडं. एक डोळा बीपीवर, बोटं मनगटावर.

"एकदमच का देत नाही?" मी शहाणपणा केला.

"बीपी पडंल. अन् लई गाढ झोपवलं, तर ताकद परत आली का नाय, ते कुणाला विचारू?"

नाडी हळूहळू खाली आली. मी बघतच राहिले. जी बाई पापणीही हलवू शकत नव्हती, तिची भीती हिला दिसली होती. मी पोटची पोर, मला दिसली नव्हती. त्याची लाज मला आजही वाटते.

रोज सकाळी ती औषध कमी करायची नि म्हणायची, "मावशी, पायाचा अंगठा हलवा." तिसऱ्या दिवशी अंगठा हलला. मी तिथेच रडले.

आठवड्याने आईला घरी सोडलं. निघताना ती मामाला म्हणाली, "साडी आणलीस ना? दे हिकडं." मामाने ओशाळून पिशवीतून साडी काढली. आईने ती नेसली, आत्याच्या देखत. मग सिस्टरचा हात धरून म्हणाली, "तुमी कानात बोलला, तवा मला कळलं, मी मेले न्हाई."